मांजर नका सोडू, आधी ती ट्यूब सोडा

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. लांब आहे, थोडं कापून देतो:

"डॉक्टर नमस्कार. घरी दोन म्हशी, एक गाय, दोन कालवडी. आमच्या ह्यांना जांघेत गजकर्ण झालंय, आठ महिने झाले. मेडिकलमधून ट्यूब आणतात, लावली की चार दिवसात बसतं, सोडली की परत. आता पोटावर, कमरेवर पण आलंय. मला परकराची नाडी बांधते तिथं सुरू झालंय. मुलगी सात वर्षांची, तिच्या गालावर गोल चट्टा आलाय आणि डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढे केस गेलेत. कालवडींच्या डोळ्याभोवती राख फासल्यासारखे थर आलेत. घरात मांजर आहे, श्रावणात तीन पिल्लं झाली, त्यातल्या एकाच्या कानावरचे केस गेलेत. सासूबाई म्हणतात हे सगळं मांजरीनं आणलं, पोत्यात घाला आणि बाजारात सोडून या. पोरगी रडून रडून जेवत नाही. दिवाळीला नणंदेची मुलं येणार, त्यांना येऊ द्यायचं का? काय करू?"

ताई, तुमचं पत्र आमच्या घरात दोनदा वाचलं गेलं. एकदा मी वाचलं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं, आणि एकदा आमच्या सौ.नी, त्या माणसांच्या कातडीच्या डॉक्टर आहेत. तर खाली माणसांबद्दल जे काही शहाणपणाचं लिहिलंय ते तिचं आहे, माझ्या नावावर खपवत नाहीये.

पहिलं म्हणजे सासूबाईंना सांगा की त्या एक तृतीयांश बरोबर आहेत. मांजरीचा हात यात असू शकतो, पण सगळ्यात नाही. आमच्या दोघांचा अंदाज असा की तुमच्या घरात एकाच वेळी तीन वेगवेगळ्या बुरशा नांदतायत आणि तिघी तीन दारांनी आत आल्यात. पत्रावरून शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, टेस्ट कराव्याच लागतील, पण चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतंय. गजकर्ण, नायटा, दाद, काहीही म्हणा, हा किडा नाही आणि रक्तातला दोषही नाही, ती बुरशी आहे. कातडीचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्या केराटिनची बनलेली असतात ना, तेच तिचं जेवण. मधलं खाऊन झालं की ती कडेकडेनं पुढं सरकते म्हणून गोल रिंगण दिसतं. फक्त तिच्या जाती अनेक आहेत, कुणाला माणूस आवडतो, कुणाला मांजर, कुणाला वासरू.

आता दाजींपासून सुरू करू कारण घरातली सगळ्यात मोठी भानगड तीच आहे, कालवडी दिसायला भयंकर दिसत असल्या तरी. जांघेतून सुरू होऊन कमरेवर, पोटावर चढलेलं, आठ महिने चाललेलं, आणि मग बायकोला लागलेलं गजकर्ण हे मांजराचं नसतं बहुतेक. हे माणसाकडून माणसाला जाणारं आहे. गेल्या दहाएक वर्षांत आपल्या देशात गजकर्णाची जातच बदललीय, पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावलं की विषय संपायचा, आता तसं होत नाही. ही जी नवी बुरशी पसरलीय तिचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनिये, आणि नावातलं इंडो म्हणजे आपणच बरं का. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथं राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या कातडीतून ती वेगळी काढली आणि हे नाव दिलं. हिची खोड अशी की टर्बिनाफिन नावाची जी गोळी वर्षानुवर्षं गजकर्णावर हमखास चालायची ती हिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. म्हणून व्हॉट्सअॅपवर भावकीतल्या कुणीतरी टाकलेला गोळ्यांचा फोटो दाखवून तेच मेडिकलमधून आणायचं हे बंद करा, त्याचं बरं झालं म्हणून तुमचं होईल असं नाही.

पण खरा गुन्हेगार ती ट्यूब आहे. घरात असेल ना, आणा आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. गंमत बघा, क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल, नावं जवळजवळ जुळ्या बहिणींची, पण पहिलं स्टेरॉइड आणि दुसरं बुरशीचं औषध, आणि बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध, वर एक अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कालवलेलं असतं, मिसळीसारखं. स्टेरॉइड काय करतं, तर खाज आणि लाली दोन दिवसात घालवतं, कारण ती खाज म्हणजे आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते आणि स्टेरॉइड ती मारामारीच थांबवतं. म्हणजे घरात चोर शिरलाय, कुत्रं भुंकतंय, आणि आपण कुत्र्याला झोपेचं औषध दिलं. शांतता होते, दाजींना वाटतं बरं झालं, आणि चोर आत निवांत पोतं भरतोय. मग रिंगणात रिंगण दिसायला लागतं, कडा पुसट होतात, नुसतं बघून डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. वर जांघेतली कातडी पातळ होऊन गरोदरपणात पोटावर पडतात तशा रेघा पडतात आणि त्या परत जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम केला, पण नियम कागदावर आणि ट्यूब काउंटरवर, तुम्हाला माहितीच आहे.

मी हे फार शहाणपणानं सांगतोय असं वाटू नये म्हणून माझी लाज सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष, एका गोठ्यात कालवडीची मान काखेत दाबून तिला इंजेक्शन दिलं. आठ-दहा दिवसांनी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथं तिची मान घासली होती बरोब्बर तिथं, लाल रिंगण, कडेला पुवाचे बारीक फोड. मी जनावरांचा डॉक्टर, मला कळायला नको? पण नाही, पळत मेडिकलमध्ये, त्यानं ट्यूब दिली, मी तीन आठवडे इमानानं चोळली, रिंगण दोनाचं चार झालं. शेवटी एका म्हाताऱ्या स्किनच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ब्लेडच्या उलट्या बाजूनं कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, पोटॅशचा एक थेंब टाकला, थोडा वेळ थांबून मायक्रोस्कोप माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले बघ, तुझं पाळीव जनावर. कातडीच्या पेशी फरशीसारख्या पसरलेल्या आणि त्यांच्यामधून फांद्या फुटलेले काचेच्या दोऱ्यासारखे तंतू आरपार गेलेले. स्टेरॉइड दिलं की असलं पीक जोमात येतं म्हणाले, खत घातल्यासारखं. ही टेस्ट काही मिनिटांची असते, फार खर्चाचीही नसते. दाजींना आणि तुम्हाला स्किनच्या डॉक्टरकडं जाऊन तीच करायचीय. घरी येऊन ट्यूब बंद केली की खाज जास्त भडकेल ही तयारी ठेवा, थोडे दिवस वाईट जातात, तेव्हाच माणूस घाबरून परत ट्यूब हातात घेतो. डॉक्टरला आधीच सांगा की इतके महिने अमुक ट्यूब लावलीय, लाजू नका, ट्यूबच पिशवीत घालून न्या, ते खाजेसाठी दुसरं काही देतील.

बहुतेक पोटात घ्यायचं औषध मिळेल, दीड-दोन महिने चालेल, कधी जास्तही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली तर ती भरल्या पोटी घ्यायची आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, नाहीतर ती अंगात नीट मुरतच नाही. लिव्हरचा, हृदयाचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, किंवा तुम्हाला दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगायचं. मलम लावताना नुसतं रिंगणावर नाही, कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा, आणि सगळं गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. बरं झाल्यावर काळा डाग राहतो, काही महिने राहतो, तो डाग म्हणजे आजार नाही, खाज नाही कोंडा नाही कड उठलेली नाही म्हणजे बुरशी मेलीय. डाग घालवायला परत ट्यूब आणली तर मी स्वतः सांगलीला येईन.

आणि दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. तुमचं बरं होणार आणि दाजी परत देणार, दाजींचं बरं होणार आणि तुम्ही देणार, असला देवाणघेवाणीचा खेळ नको. टॉवेल वेगळा, दोघांची अंतर्वस्त्रं बाकीच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवायची नाहीत, गरम पाण्यात वेगळी, कडक उन्हात उलटी करून वाळवायची, ऊन नसेल तर इस्त्री. परकराची नाडी पण धुवायची, ती कुणी धूत नाही, महिनोन् महिने तशीच असते. दाजींना जीन्स घालून दिवसभर घामात बसायची सवय असेल तर सुती ढगळ पँट. आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकू नका, कातडी आणखी चिडते.

आता आमच्या छोट्या पेशंटकडं. इथं मात्र संशयाची सुई मांजराच्या पिल्लाकडं वळते, कारण गालावरचा चट्टा म्हणजे कुणीतरी गालाला गाल लावून झोपतंय. (बरोबर ना?) मांजरांमध्ये जी बुरशी असते ती मायक्रोस्पोरम कॅनिस, कॅनिस म्हणजे कुत्र्याची, नाव कुत्र्याचं आणि संसार मांजराकडं, बारशाला गेलेल्यांचा घोळ. पिल्लांना पटकन होते, कानाच्या टोकाला, नाकाजवळ, पुढच्या पंजावर केस जातात. मोठ्या मांजरीवर कधी काहीच दिसत नाही पण तिच्या केसात बीज असू शकतं. मुलीच्या गालावरचं मलमानं जाईल, पण डोक्याचं जाणार नाही हे लक्षात घ्या, कारण तिथं बुरशी केसाच्या आत शिरलेली असते आणि मलम तिथवर पोचत नाही. पोटातून औषध लागतं, काही आठवडे, वजनावर ठरवून, ते कातडीच्या डॉक्टरनंच ठरवायचं, मोठ्यांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. टक्कल करायची गरज नाही, कृपा करून करू नका, सात वर्षांची पोर शाळेत जाते. औषध सुरू झालं की शाळेतही जाऊ दे, फक्त कंगवा, रिबिनी, टोपी कुणाबरोबर वाटायची नाही. एक गोष्ट मात्र नीट वाचा: त्या जागी लिबलिबीत सूज आली, पू दिसला, तर गळू समजून कुणाकडून चिरून घेऊ नका. तो बुरशीचाच भडका असतो, चिरल्यानं काही साधत नाही, आणि औषधाला उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सासूबाईंनी टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावायचा आग्रह धरला असेल, धरलाच असेल, आमच्या आईनं पण धरला होता. त्या अडाणीपणानं नाही सांगत, टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणजे दाद मारणारा असंच नाव आहे आणि त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य खरंच असतं. आणि एक मजा सांगतो, एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर गोवा पावडर म्हणून एक पिवळट भुकटी विकली जायची, सगळ्यांना वाटायचं गोव्याची आहे, ती निघाली ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली, पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला उतरायची म्हणून गोव्याचं नाव. तिच्यातलं द्रव्य टाकळ्यातल्या द्रव्याच्या जवळच्याच नात्यातलं. काम करायची, पण कपडे पिवळेजांभळे व्हायचे, कातडी सोलवटायची आणि डोळ्यात गेली तर बोंबाबोंब. म्हणून टाकळ्याची भाजी पावसाळ्यात खुशाल करा, पोरीच्या गालावर आणि डोक्यात लिंबाबरोबर लावू नका. चट्ट्याखाली भाजल्याची जखम झाली तर डॉक्टरला मूळ आजारच दिसत नाही.

मांजरीचं. पोत्यात घालून बाजारात सोडल्यानं काय होईल सांगू? मांजर चार दिवसात परत येईल, पिल्लं मरतील, आणि बुरशीचं बीज तुमच्या गोधडीत, सतरंजीत, कपाटामागच्या केसांच्या गुंत्यात तसंच राहील, ते वर्षभर किंवा जास्तही जिवंत राहू शकतं. म्हणजे मांजर गेलं तरी आजार घरातच. त्यापेक्षा आई आणि तिन्ही पिल्लांना एका खोलीत ठेवा, जिथली फरशी पुसता येते अशा, आणि जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. आमच्याकडं वुड्स लॅम्प असतो, अंधारात धरला की या बुरशीचे केस हिरवट चमकतात, नेहमीच चमकतात असं नाही. दुसरी युक्ती अगदी घरगुती, कोरा टूथब्रश घ्यायचा, मांजराच्या अंगावरून दोन-तीन मिनिटं फिरवायचा आणि त्यातले केस कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी उगवते का ते बघायला, पाठवायचे. हातमोजे घालून करा म्हणजे झालं. उपचारात लाइम सल्फरचं पाणी मिळालं तर आठवड्यातून दोनदा आंघोळ, त्याला नासक्या अंड्याचा वास येतो, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, आणि बरोबर पोटातलं औषध. आंघोळ घालताना डोळ्यांत, तोंडात आणि कानाच्या आत जाऊ न देता सगळं अंग ओलं झालं पाहिजे, नुसता चट्टा नाही. माणसाची ट्यूब मांजराला लावायची नाही, ते चाटतं. आणि फिनाइल तर त्याच्या आसपासही नको, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही, थोड्यानंही मरतं.

तोवर मुलीनं पिल्लाला दारातून बघायचं, कुशीत घ्यायचं नाही. "सोडून दिलं नाही, दवाखान्यात आहे" असं सांगा, जेवेल ती.

खोली साफ करताना कोरड्या केरसुणीनं केस उडवू नका, ओल्या फडक्यानं गोळा करा आणि जाळा. मग साबणाच्या पाण्यानं पुसून त्यावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचं ब्लीच, एक वाटीला बत्तीस वाट्या पाणी, दहा मिनिटं ओलं राहू दे. मांजर आणि मूल बाहेर असताना. संडासच्या ॲसिडबरोबर ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कालवडी शेवटी घेतल्या कारण त्यांचं सगळ्यात सोपं आहे. आधी भीती काढतो, हे लम्पी नाही. लम्पी विषाणूचा आजार, ताप येतो, अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठतात, २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडं गाठी नाहीत, डोळ्याभोवती, मानेवर राखी रंगाचा जाड थर आहे, वाळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा, आणि कालवड विशेष खाजवतही नसेल. हे वासरांचं गजकर्ण, याची बुरशी तिसरी, ट्रायकोफायटन व्हेरुकोसम. पावसात अंधाऱ्या ओल्या गोठ्यात सगळी जवळजवळ बांधली की होतं. बहुतेक वेळा दोन ते चार महिन्यांत आपलं आपण बरं होतं, नंतर त्या जनावराला सहसा परत होत नाही. नॉर्वेत वासरांना याची लस टोचून तिथल्यांनी हा आजार जवळजवळ हद्दपार केला, आपल्याकडं तसलं काही नाही. पण वाट बघत बसू नका कारण ती बाकीच्यांना आणि तुम्हाला देतात. कालवडी वेगळ्या बांधा, उन्हात बांधा. हातमोजे घालून साबणाच्या कोमट पाण्यानं थर भिजवा, मऊ झाला की हलक्या ब्रशनं काढा, रक्त येईपर्यंत नाही, आणि तो थर उकिरड्यावर टाकू नका, जाळा. नंतर डॉक्टर सांगतील ते औषध लावा, डोळ्यात जाणार नाही असं. दावं, खरारा, म्होरकी त्यांची वेगळी. गोठ्याच्या खांबांना, गव्हाणीला जिथं त्या अंग घासतात तिथं बीज वर्षानुवर्षं राहतं, म्हणून आधी खरवडून धुवा आणि मग चुना मारा, थरावर चुना मारून नुसता रंग होतो. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ वर फोन करा, फिरत्या दवाखान्याची गाडी येते.

एक विनवणी आहे. कुणीतरी येऊन सांगेल ट्रॅक्टरचं जळकं ऑईल फासा. पश्चिम महाराष्ट्रात एकही गोठा असा नाही बघितला जिथं हा सल्ला पोचलेला नाही. ते ऑईल जनावर चाटतं, त्यात धातूचे विषारी अंश असतात, कातडी भाजते ते वेगळंच. दोन महिन्यांनी आजार जातो कारण तो तसाही जाणारच होता, आणि श्रेय मिळतं ऑईलला. माझ्या कपाळावरची एक आठी त्या ऑईलचीच आहे.

दूध चालतं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण डेअरीवाला विचारेल. गजकर्ण दुधातून जात नाही, फक्त जनावराला पोटातून काही औषध दिलं तर किती दिवस दूध घालायचं नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. धार काढणाऱ्यानं आधी हात आणि कोपरापर्यंतचा भाग साबणानं धुवायचा, कालवडींना शेवटी हात लावायचा.

राहिली दिवाळी. येऊ द्या की नणंदेच्या मुलांना. आज उपचार सुरू केलेत तर दिवाळीपर्यंत मुलीचं बरंचसं आटोक्यात असेल. पोरांना वेगळी अंथरुणं द्या, अभ्यंगाचा पंचा ज्याचा त्याला, तेल लावायला एकच कंगवा सगळ्या डोक्यांवरून फिरवायचा नाही. मांजराची खोली बंद, बाहेर तुमच्या मुलीलाच पहारेकरी बसवा, ती कुणालाही आत सोडणार नाही याची खात्री बाळगा. फराळ झाल्यावर पिल्लाच्या कानावर केस आले का ते कळवा, इथं दोघंही वाट बघतोय, आणि ट्यूबवर काय लिहिलं होतं तेही.